सोमवारची शाकाहारी ओळख

दत्तप्रसाद आणि रसिका पहिल्यांदा भेटले तेव्हा त्याच्या हातात कात्री होती आणि तिच्या हातात गेट. गेट बंद होतं. रसिकाने ते आतून घट्ट धरलेलं होतं आणि ती ते सोडेल अशी काही चिन्हं नव्हती.

श्रावणातला सोमवार होता. देवबागेत पाऊस दोन बाजूंनी येतो. समुद्राकडून आला तर तिरका आणि घाईत, खाडीकडून आला तर सरळ आणि सवडीने. त्या दिवशीचा खाडीचा होता. दत्तप्रसादच्या छत्रीच्या दोन काड्या मोडलेल्या, त्यामुळे डावीकडून तो कोरडा होता आणि उजवीकडून चिंब. अशा माणसाबद्दल चटकन मत बनवणं कोणालाही जड गेलं असतं.

“भाईंनी बोलवल्यानी,” तो म्हणाला. “केस कापूक.”

“कोणाचे?”

“सात माणसां आसत म्हणाले.”

“त्या सातांपैकी कोणी बोलावलंय का तुम्हाला?”

दत्तप्रसादने यावर प्रामाणिकपणे विचार केला. मालवणच्या बाजारात त्याचं सलून होतं, चौदा वर्षं तो लोकांची डोकी हाताळत होता, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. “न्हान पोरां सोडली तर सगळी आपणहून येतत,” तो म्हणाला. “पोरांका कोण इचारणा नाय.”

“ही लहान मुलं नाहीत.”

“ता दिसता.”

“शिवाय श्रावण आहे,” रसिका म्हणाली. शास्त्रीय कारण पुरत नाही असं दिसलं की ती धार्मिक कारण वापरायची.

“म्हणान तर मी रिकामो आसंय,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या छत्रीची तिसरी काडी मोडली.

एवढ्यात स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सुगंधाकाकीचा खिडकीतून आवाज आला. “अगो रसिका, तो भिजता थंय! आधी आत घे, मगे भांड!”

असा दत्तप्रसाद आत आला.

आता हे घर कसलं, ते सांगायला हवं. कारण दोन्हीकडच्या होमस्टेमधले पर्यटकही ते विचारायचे, आणि उत्तर ऐकून घाईने स्कूबाकडे वळायचे. घराचं नाव ‘विसावा’. इथे राहणारे सात जण पूर्वी एसटी स्टँडवर, देवळाच्या पायरीवर, पुलाखाली अशा ठिकाणी राहत होते. कोणी आठ वर्षं, कोणी वीस. मन आजारी पडलं, घर सुटलं. मग कोणीतरी दवाखान्यात नेलं, औषधं सुरू झाली, आणि आता ते इथे राहायला शिकत होते. घरात राहणं ही शिकायची गोष्ट आहे, हे आपल्यासारख्या जन्मापासून घरात राहणाऱ्यांच्या लक्षात येत नाही.

रसिका त्यांची मानसतज्ज्ञ. वय एकतीस, मूळची मिठबावची, शिक्षण पुण्याचं. रविवार सोडून रोज ती मालवणातल्या भाड्याच्या खोलीवरून स्कूटरने यायची. एरवी तिची मालवणी चांगली होती, पण ‘विसावा’च्या गेटातून आत शिरली की ती प्रमाण मराठी बोलायची. चिडली की तर थेट सदाशिव पेठेत जायची.

भाई हे संस्थेचे विश्वस्त. मुंबईची नोकरी संपवून परतलेले, मनाने चांगले. त्यांचा एकच दोष होता, फोटो. पडवीत त्यांनी मोठा फलक लावला होता. प्रत्येक माणसाचे दोन चौकोन. एकावर ‘पूर्वी’, दुसऱ्यावर ‘नंतर’. ‘पूर्वी’मध्ये दाढी-जटा, ‘नंतर’मध्ये भांग. मधलं सगळं, म्हणजे रसिकाचं काम, फलकावर दिसत नव्हतं.

सातवा ‘नंतर’ रिकामा होता. तो भिकाजींचा.

भिकाजी साठीचे. जटा कमरेपर्यंत. मार्चमध्ये आले तेव्हापासून ते पडवीच्या टोकाला झोपायचे, पायात चपला घालून, गाठोडं उशाला घेऊन. त्यांना तीन नंबरची खोली दिली होती, पलंग होता, किल्लीही दिली होती. किल्ली त्यांनी जटेत बांधून ठेवली. रस्त्यावर खिसा कापलेला कळत नाही. केस कापले तर कळतं, हा त्यांचा अनुभव. तो अनुभव तीनदा आला होता. तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या तीन भल्या मंडळींनी त्यांना धरून भादरलं होतं, आणि तिन्ही वेळा भिकाजी त्याच दिवशी चालते झाले होते. चौथ्यांदा असं झालं तर ते कुठे जातील हे रसिकाला माहीत नव्हतं. फक्त परत सापडणार नाहीत, एवढं माहीत होतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिने त्यांना शब्द दिला होता: तुमच्या केसांना इथे कोणी हात लावणार नाही.

भिंतीवर तिच्या अक्षरात एक कागद होता. ओला दत्तप्रसाद त्याच्यासमोर उभा राहून मोठ्याने वाचू लागला. “एक. विचारल्याशिवाय कोणाच्या अंगाला, सामानाला, केसांना हात लावायचा नाही. दोन. इथे बोललेलं इथेच राहतं. ज्याचं त्यानेच सांगायचं.” तो वळला. “दोनच?”

“दोन पाळा, पुष्कळ झालं.”

त्याच वेळी पडवीच्या टोकाला हालचाल झाली. भिकाजींनी कात्री पाहिली होती. ते उठले. गाठोडं उचललं. बाहेर पाऊस होता, पण पाऊस ही त्यांच्या दृष्टीने अडचण नव्हती.

रसिका एक पाऊल पुढे आली. आता बोलावं की गप्प बसावं…

दत्तप्रसादने कात्री पिशवीत टाकली, पिशवी खिडकीतून सुगंधाकाकीच्या हातात दिली आणि म्हणाला, “काकी, ही चुलीमागे ठेव. आणि वायच चाय मिळात काय?” मग तो भिकाजींकडे पाठ करून, भिजत्या पायरीवर बसला. दोन्ही हात गुडघ्यांवर, रिकामे, दिसतील असे.

बऱ्याच वेळाने गाठोडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

रसिका त्याच्या ओल्या शर्टाच्या पाठीकडे बघत राहिली. हे शिकायला तिला दोन वर्षं आणि एक प्रबंध लागला होता.

“पुढच्या सोमवारी आलात तर चालेल,” ती म्हणाली. “कात्री चुलीमागेच राहील.”

“चाय?”

“चहा मिळेल.”

तो येत राहिला. सोमवारी सलून बंद असतं, त्या दिवशी माणूस झोपतो, घरचा बाजार करतो. दत्तप्रसाद देवबागेत यायचा आणि पायरीवर बसायचा. पहिले दोन सोमवार कोणी केस कापायला पुढे आलं नाही. तिसऱ्या सोमवारी बाबली नावाचे गृहस्थ आले आणि खुर्चीत बसले. बाबलींच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

“काय करू?” दत्तप्रसादने डोळ्यांनीच रसिकाला विचारलं.

तिने डोळ्यांनीच सांगितलं, त्यांना विचारा.

“बाबली, काय करूचा?”

“बारीक,” बाबली म्हणाले.

दत्तप्रसादने चुलीमागून कात्री मागवली, भिकाजींपासून लांब पंधरा मिनिटं ती हवेत चालवली, मान पुसली, मागून आरसा दाखवला. बाबली फार खूश झाले. पुढे दर सोमवारी ते बारीक करून घेऊ लागले. रसिका त्या पंधरा मिनिटांत काही ना काही कारण काढून पडवीत यायची.

गणपती झाले, नवरात्र झालं. बोलणं वाढलं. खरं म्हणजे वाढवायला विषय फार नव्हते. दोघे धंद्याचंच बोलायचे.

“तुमचा नि माझा काम एकच,” दत्तप्रसाद एकदा म्हणाला. “माणसाक खुर्चेत बसवूचा आणि तेचा आयकाचा.”

“तुम्ही ऐकत नाही. तुम्ही आरशातून बघता.”

“म्हणान तर बोलतत. तोंडावर बघलास तर कोण बोलता? आणि मी गळ्याक कापड बांधतंय. अर्धे केस कापलेलो माणूस पळणा नाय. तुमच्याकडे कापड नाय, म्हणान तुमचे पळतत.”

“माझं कोणीही पळालेलं नाही!”

“मिया खंय पळतंय?” तो म्हणाला आणि चहाच्या कपात बघू लागला.

रसिकाने हे वाक्य मनात नोंदवून घेतलं. नोंदवहीत नाही. नोंदवहीत असल्या नोंदींसाठी जागा नव्हती. तिच्या व्यवसायात माणसाने स्वतःचं काही सांगायचं नसतं; आठ वर्षं न सांगता-सांगता तिला ते जमायचंच बंद झालं होतं. आई मिठबावहून दर रविवारी फोनवर स्थळांची यादी वाचायची, पोटजातीपासून पॅकेजपर्यंत सगळे रकाने भरलेली. रसिका “बघू” म्हणायची. सलून असा रकाना त्या यादीत नव्हता आणि तो आपण का शोधतोय, हेही ती स्वतःला सांगत नव्हती.

“मॅडम, एक तक्रार आसा,” दिवाळीनंतरच्या सोमवारी तो म्हणाला.

“बोला.”

“आमची ओळख सोमवारची.”

“मग?”

“सोमवारी मासो खाणत नाय. तीन म्हयने झाले, मी तुमका एक बांगडोय खावक घालूक शकलंय नाय. निसती चाय आणि उसळ. अशी शाकाहारी ओळख किती दिवस टिकतली?”

रसिकाला हसू आलं. तिने ते ओठ दाबून थांबवलं, पण ते डोळ्यांतून निसटलं. “बुधवारी मासा चालतो,” ती म्हणाली, अगदी सहज माहिती दिल्यासारखी.

“बुधवारी दुकान उघडा असता.”

“हो ना…”

“हां…”

दोघेही समुद्राकडे बघू लागले. समुद्राने काही सुचवलं नाही. आतून सुगंधाकाकीने भांडं जरा जास्तच जोरात आपटलं.

या सगळ्यात भिकाजी टोकाला बसलेले असायचे. रसिका रोज त्यांच्या बाजूला तासभर बसायची, काही न विचारता. एके दिवशी दोन पर्यटक बायका आत आल्या, भिकाजींना साधू समजून पाया पडल्या, एकीने मुलीच्या लग्नाचं विचारलं. भिकाजी शांतपणे म्हणाले, “होतला.” त्या गेल्यावर ते स्वतःशीच हसले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा आपणहून बोलले.

“गावात मी गाऱ्हाणां घालय,” ते म्हणाले. “अख्खो गाव मागे उभो. मी सांगी, ते ‘व्हय म्हाराजा’ म्हणीत. लोकांची लग्नां, कज्जे, हरवलेली गुरां, सगळां मागलंय देवाकडे.”

रसिका गप्प राहिली.

“मगे बायल आजारी पडली. तिच्यासाठी घातलंय. गेली ती.” त्यांनी गाठोड्याची गाठ घट्ट केली. “देवान माझा आयकला नाय, मगे मी तेचा कित्याक आयकू? चौदा वर्सां झाली. गाऱ्हाणां बंद.”

“पुन्हा घालावंसं वाटतं?”

“ह्या जंगल डोक्यावर घेवन?” त्यांनी जटेला हात लावला. किल्ली आत कुठेतरी किणकिणली. “देवासमोर असो कोण उभो ऱ्हवता काय?”

रसिकाने ते दत्तप्रसादला सांगितलं नाही. नियम क्रमांक दोन.

डिसेंबरात संस्थेला तीन वर्षं पूर्ण होत होती. मंगळवारी कार्यक्रम, पाहुणे, माइक. भाई फलकासमोर हात मागे बांधून उभे राहिले. “रसिका, हा रिकामा चौकोन बरा दिसत नाही. पाहुण्यांना वाटेल आपल्याकडे माणूस कमी आहे.”

“माणूस आहे, भाई. फोटो कमी आहे.”

“एकदा कापले की त्यालाच बरं वाटेल गो.”

“तीनदा कापलेत. तिन्ही वेळा बरं वाटून ते निघून गेले.”

“मी दत्तूशी बोलतो,” भाई म्हणाले, आणि हाच धोका होता.

कार्यक्रमाच्या आठवडाभर आधीच्या सोमवारी रसिकाने दत्तप्रसादला बाजूला घेतलं. “भाई काहीही सांगतील. भिकाजींच्या बाबतीत ऐकायचं नाही. मला शब्द द्या.”

“भिकाजींनी स्वता सांगल्याशिवाय मी कात्री लावूचंय नाय,” तो म्हणाला. मग जरा थांबला. “मॅडम, माकाय एक इचारूचा होता…”

“केसांबद्दल?”

“नाय… केसांबद्दल नाय…”

“मग?”

तो कानामागे हात नेऊन उगाच खाजवू लागला. तिची बोटं ओढणीच्या टोकाशी… आणि तेवढ्यात बाबली खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, “बारीक.”

पुढच्या सोमवारी रसिकाला ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, बैठकीला जावं लागलं. दिवसभर ती तक्ते भरत होती आणि मधूनच खिडकीबाहेर बघत होती. चार महिन्यांतला हा पहिला सोमवार दत्तप्रसादविना जात होता. तो फार लांबलचक सोमवार निघाला.

मंगळवारी सकाळी ती आली तर मांडव उभा होता, माइक “हॅलो हॅलो” म्हणत होता. तिने सवयीने पडवीच्या टोकाकडे पाहिलं.

भिकाजी नव्हते. गाठोडं नव्हतं. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. आणि तिथे, सुपात, करड्या जटांचा भलामोठा ढीग पडला होता.

बाजूला दत्तप्रसाद उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. मंगळवार असूनही तो आला होता. तिला बघून त्याचा चेहरा उजळला आणि तिचा चेहरा बघून विझला.

“कोणी कापले?” रसिकाने विचारलं. आवाज अगदी शांत होता. सुगंधाकाकीने खिडकी हळूच लावून घेतली.

“मिया.”

“भाईंनी सांगितलं?”

“नाय.”

“मग कोणी?”

दत्तप्रसादने भिंतीवरच्या कागदाकडे पाहिलं. “सांगूक येवचा नाय.”

“सांगता येणार नाही? भिकाजी कुठे आहेत?”

“ताय… तेच सांगतले.”

“ते गेले असतील तर कसे सांगतील? नऊ महिने, दत्तप्रसाद. नऊ महिने मी त्या माणसाच्या शेजारी नुसती बसले, एका शब्दावर. तुम्हाला तो शब्द माहीत होता.”

“तुमचोच दोन नंबरचो नियम, मॅडम…”

“माझ्या नियमामागे लपू नका. मला वाटलं होतं, तुम्ही…” ती थांबली. काय वाटलं होतं ते याच क्षणी सांगण्यासारखं नव्हतं. “पिशवी घ्या आणि जा. सोमवारी यायची गरज नाही.”

तो काही बोलला नाही. समजावलं नाही, चिडला नाही. त्याने पिशवी खांद्याला लावली आणि गेटाकडे चालू लागला. त्याचा तो गप्पपणा तिला सगळ्यात जास्त लागला. आणि असा गप्पपणा आपण कुठेतरी पाहिलाय, असंही वाटलं… कुठे, ते आठवेना.

तेव्हा तीन नंबरच्या खोलीची कडी आतून वाजली.

दार उघडलं. आतून एक अनोळखी माणूस बाहेर आला. बारीक केस, तुळतुळीत दाढी, पांढरा सदरा, धुतलेलं धोतर, हातात नारळ. पाय अनवाणी. मागे पलंगावरची चादर चुरगळलेली होती. कोणीतरी त्यावर रात्रभर झोपलं होतं. गाठोडं पलंगाखाली होतं. त्या माणसाने बाहेर येऊन दार ओढलं, कुलूप लावलं, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि खिसा वरून चाचपला.

“भिकाजी…” रसिका म्हणाली.

“वायच उशीर झालो उठाक,” भिकाजी म्हणाले. “पलंगाची सवय नाय.” मग त्यांनी गेटाकडे पाहिलं. “दत्तू! खंय चललंस? गाऱ्हाण्याक माणसां व्हयी!”

दत्तप्रसाद गेटाशीच थांबला.

भाई माइक घेऊन पुढे आले. “आधी माझं प्रास्ताविक…”

“तां ऱ्हवांदे,” भिकाजी म्हणाले आणि अंगणातल्या तुळशीसमोर नारळ ठेवून उभे राहिले. पाहुणे आपोआप उठून मागे आले. या मुलुखात गाऱ्हाणं सुरू झालं की खुर्चीत कोणी बसून राहत नाही.

“बा देवा म्हाराजा, समुद्राच्या नि खाडयेच्या म्हाराजा,” भिकाजींनी सुरुवात केली. आवाज आधी गंजलेला आला, मग मोकळा झाला. “चौदा वर्सां मी तुझ्याशी बोललंय नाय. तुयाय बोललंस नाय. आता आधी कोण रुसलो ता सोडून दी.”

“व्हय म्हाराजा!”

“हयसर सात माणसां ऱ्हवतत. रस्त्यावर तेंका कोणी नाव इचारल्यान नाय, हयसर इचारल्यानी. ह्या छप्पर तेंच्या डोक्यावर असांच ऱ्हवांदे.”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या भाईंका फोटोचा याड आसा. ता कमी कर. जमणा नसात तर आधी इचारूची बुद्धी दी.”

“व्हय म्हाराजा!” सगळ्यांत मोठा आवाज या वेळी उठला. सवयीने भाईही म्हणून गेले.

“आणि म्हाराजा, ह्यो दत्तू. चार म्हयने दर सोमवारी केस कापूक येता. बाबलीक केस नाय, माका कापूचे नव्हते. मगे तो कित्याक येता, ता तुका ठावक आसा, माका ठावक आसा, सुगंधाक ठावक आसा.”

“व्हय म्हाराजा!” स्वयंपाकघराची खिडकी उघडून सुगंधाकाकीने साथ दिली.

“काल मीच तेका म्हटलंय, केस काढ, माका देवासमोर उभो ऱ्हवाचा आसा. तेना तीनदा इचारल्यान, खराच काढू? मगे मीच म्हटलंय, बाईक तू सांगा नको, मी माझ्या तोंडान सांगतलंय. तो गप ऱ्हवलो. आत्ता गाळी खाल्ल्यान, मी दाराआडून आयकलंय. तरी गप ऱ्हवलो. असो माणूस गमावू नको असा म्हाराजा, तू तिका सांग.”

“व्हय म्हाराजा!”

रसिकाला आता आठवलं, तो गप्पपणा कुठे पाहिला होता. पडवीच्या टोकाला. रोज, तासभर. तो तिचाच होता.

“ही बाय नऊ म्हयने माझ्या बाजूक बसली,” भिकाजी पुढे म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, नारळाकडेच पाहत राहिले. “एकदाय म्हणाली नाय, बरो हो. तिच्या मनात काय आसा, ता मी इचारणंय नाय. पण दोघांच्या तोंडाक कुलूप पडला आसात, तर ता काढ रे म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” मांडव म्हणाला. गेटापासून एक हलका आवाज आला, “व्हय… म्हाराजा.”

भिकाजी थांबले. “एक आवाज कमी पडलो,” ते म्हणाले.

आणि मग ते नुसते उभे राहिले. घाई नाही, आग्रह नाही. वाटलं तर बोल, नाहीतर मी आहे इथे. रसिका हे काम पोटासाठी करत होती. ते उलट्या बाजूने कसं लागतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. माइक कुरकुरला. माडांच्या झावळ्या हलल्या. पाहुण्यांपैकी एकजण खोकायच्या बेतात होता, त्याने खोकला गिळला.

“व्हय म्हाराजा,” रसिका म्हणाली. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. ‘विसावा’च्या गेटाच्या आत तिच्या तोंडून मालवणी निघाली ती ही पहिलीच.

भिकाजींनी वाकून नारळ फोडला. एका फटक्यात दोन सारख्या वाट्या.

मग भाईंनी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. “भिकाजी, तुमचा एक फोटो काढू का?”

भिकाजींनी नीट विचार केला. “नको,” ते म्हणाले.

भाईंना यावर काय करायचं ते ठाऊक नव्हतं. विचारण्याचा हा तोटा त्यांना कोणी सांगितला नव्हता. चौकोन रिकामा राहिला. बाबलींनी आपला दुसरा फोटो देऊ केला, त्यांचे कालच बारीक केले होते.

खोबऱ्याचे तुकडे वाटले जात असताना रसिका गेटाशी गेली. दत्तप्रसाद तिथेच होता. त्याच्या हातात पिशवी होती आणि तिच्या हातात पुन्हा गेट. या वेळी ते उघडं होतं, आणि ते उघडं ठेवायला धरायची काही गरज नव्हती. तरी तिने धरलं होतं.

“चुकला माझा,” ती म्हणाली.

“नियम तुमचो. मी पाळलंय इतक्याच.”

“इतको पाळूक कोणी सांगलेला तुका?”

तो हसला. “आता मालवणीत भांडतास. म्हणजे बरां आसा.”

“तू त्या दिवशी काय इचारी होतंस? केसांबद्दल नाय तां…”

“तां होय?” त्याने पिशवी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. “तां भिकाजींनीच इचारल्यानी आता. अख्ख्या देवबागेसमोर. माझ्यासाठी काय शिल्लक ठेवल्यानी नाय.”

तिने खाली बघत पायाच्या अंगठ्याने वाळूत एक रेघ ओढली, मग ती पुसली. वारा खाडीकडून होता, सवडीचा. “सोमवारी येवा नको म्हटलंय मी,” ती म्हणाली, “ता काय मी परत घेवचंय नाय.”

त्याचा चेहरा पुन्हा विझायला लागला. ती त्याला पुरता विझू देणार नव्हती.

“उद्या बुधवार,” ती म्हणाली. “दुकान बंद ठेव. आणि बांगडे ताजे बघून घी.”

हे सगळं सुगंधाकाकीने खिडकीतून शब्दन्‌शब्द ऐकलं. पण भिंतीवरचा दुसरा नियम तिलाही लागू होता, आणि तिने तो कसोशीने पाळला. बुधवारी पहिला बांगडा तव्यावर पडेपर्यंत.